घुमे: माझ्या जगातले गॉब्लिन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घुमे म्हणजे नक्की कोण?

मी रचलेल्या एका कल्पित जगातली ही गॉब्लिनांची, म्हणजे युरोपी लोककथांतल्या बुटक्या मंडळींची, एक जात. उंची साधारण साडेतीन फूट, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे, कान मोठे आणि हवे तिकडे वळणारे, वस्ती डोंगराच्या पोटात. एक असेल तर घुम्या, बाई असेल तर घुमी, पुष्कळ असतील तर घुमे.

त्यांचा जन्म आमच्या रोलप्लेइंग गेमच्या टेबलावर झाला. या खेळात एक जण (इथे मी) गोष्ट रचतो आणि बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन फासे टाकत ती खेळतात. मला एका संध्याकाळपुरते सहा गॉब्लिन हवे होते. गुहेत शिरायचं, त्यांना मारायचं, पेटी उचलायची, खेळ संपला. खेळणाऱ्यांपैकी एकीने फासे मुठीत तसेच धरून विचारलं, "हे सहा जण इथे खातात काय?" मी काहीतरी थाप मारली. ती म्हणाली, "आणि शेकोटी पेटलीय म्हणतोस, मग धूर कुठे जातो?" इथे माझी बोलतीच बंद झाली. त्या रात्री खेळ तिथेच थांबला आणि त्यानंतर मी त्या धुराच्या मागे लागलो तो लागलोच. खाली जे काही वाचाल ते सगळं त्या एका प्रश्नातून निघालंय.

'घुमे' हे नाव कुठून आणलं?

मराठीतूनच. फारसं न बोलणाऱ्या, मनातलं काही बाहेर पडू न देणाऱ्या माणसाला आपण घुम्या म्हणतो. खाणीच्या तोंडाशी भेटलेला गॉब्लिन कधी चकार शब्द काढत नसे, म्हणून वरच्या माणसांनी त्यांना हे नाव ठेवलं. त्यांना ते आवडलं, पण भलत्याच कारणाने: बोगद्यात आवाज घुमतो आणि आवाज घुमतोय म्हणजे पुढे मोकळी जागा आहे. स्वतःचं असं त्यांचं एक नाव आहे, पण ते तोंडाने म्हणता येत नाही, वाजवावं लागतं. त्याबद्दल भाषेच्या प्रश्नात.

खवीस, मुंजा किंवा वेताळ असा तयार शब्द का नाही घेतला, असंही बरेच जण विचारतात. ती सगळी भुतं. घुमे जिवंत आहेत, त्यांना भूक लागते, खोकला होतो, दात दुखतो. शिवाय मुंजा म्हटलं की वाचकाच्या डोक्यात आधी पिंपळ उभा राहतो, आणि तो तिथून उपटता उपटता नाकीनऊ येतात.

गॉब्लिन ही कल्पना मुळात कुठली? तुम्ही त्यातलं किती उचललंत?

शब्द युरोपातला. ऑर्डेरिक व्हायटालिस नावाचा बाराव्या शतकातला एक मठवासी इतिहासकार होता. त्याने नॉर्मंडीतल्या एव्ह्रूच्या भुताचा उल्लेख केलाय, ज्याला सामान्य लोक 'गोबेलिनस' म्हणत. पुढे या शब्दाखाली घरात खोड्या काढणारी, रानात वाट चुकवणारी आणि खाणीत राहणारी अशी सगळी बुटकी मंडळी कोंबली गेली.

मला त्यातली खाणवाली शाखा भावली. जर्मन खाणकामगार कोबोल्ड नावाच्या भुतांना वचकून असत. कधी कधी त्यांच्या हाती असं धातुक लागे की दिसायला झकास, पण भट्टीत घातलं की चांदी तर नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. कोबोल्डांनी खरी चांदी पळवून हा कचरा ठेवला, असं ते म्हणत. १७३०च्या दशकात गेऑर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने त्या 'कचऱ्यातून' एक नवा धातू ओळखला. आजही त्याचं नाव कोबाल्ट आहे. निकेलची गोष्ट तशीच: तांब्यासारखं दिसणारं पण तांबं न देणारं धातुक, म्हणून त्याला एका खोडकर भुताचं नाव, आणि १७५१मध्ये आक्सेल क्रोन्स्टेटने त्यातून वेगळा धातू काढला तरी नाव तेच राहिलं. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत दोन भुतं शेजारीशेजारी बसली आहेत, २७ आणि २८ क्रमांकावर. हे कळलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो.

मी सर्वांत जास्त उचललं ते इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या 'नॉकर्स'कडून. तिथल्या कथिलाच्या खाणींत दगडाआडून टकटक ऐकू येई. काही कामगार म्हणत, छत कोसळणार असल्याचा हा इशारा आहे. काही म्हणत, हेच ठोकून ठोकून छत पाडतात. एकच आवाज, आणि तो मित्राचा की शत्रूचा हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. घुमे आणि माणसं यांच्यातलं सगळं भांडण या एका शंकेवर उभं आहे.

मग घुमे निर्माण कसे झाले?

तीन उत्तरं आहेत.

माणसं सांगतात, खाणीत गाडली गेलेली माणसंच अंधारात आक्रसून घुमे झाली. ही कथा खोटी आहे, पण ती सांगणाऱ्यांच्या मनात काय सलतंय ते तिच्यातून कळतं.

घुमे सांगतात, आधी सगळा दगडच होता. दगडाला स्वतःतच जागा उरली नव्हती. त्याचा जीव गुदमरला आणि त्याने एकदाच, पोटभर श्वास आत घेतला. आत जी पोकळी झाली ती पहिली गुहा, आणि पोकळीत जे शिरलं ते आपण. दगडाने तो श्वास अजून सोडलेला नाही. सोडेल तेव्हा सगळं बाहेर पडेल. म्हणून आत असताना ओरडायचं नाही, धावायचं नाही, दगडाला ठसका लागेल असं काही करायचं नाही. पोरांना गप्प बसवायला याहून चांगली गोष्ट कुठल्याच जातीकडे नसेल.

तिसरं उत्तर माझं, म्हणजे जग रचणाऱ्याचं. घुमे ही माणसाचीच एक जुनी, वेगळी पडलेली शाखा. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ या गुहेत २००३मध्ये जेमतेम एक मीटर उंचीच्या मानवजातीचे अवशेष सापडले. जागा तुटलेली, अन्न मोजकं, तर पिढ्यान्पिढ्या शरीर लहान होत जाऊ शकतं, हा विचार मी तिथून घेतला. माझ्या जगात बेटाऐवजी चुनखडीचा डोंगर आहे, एवढाच फरक. या जगात देव आहेत, हात पुढे करून चमत्कार करणारे आहेत, तरी घुम्यांच्या जन्मात मी एकालाही हात घालू दिला नाही. देवाने केलं म्हटलं की पुढचे प्रश्न विचारायची सोयच उरत नाही.

ते आंधळे का नाहीत? गुहेतले प्राणी आंधळे असतात ना?

काही असतात. स्लोव्हेनियातल्या गुहांमध्ये ओल्म नावाचा उभयचर आहे, त्याचे डोळे कातडीखाली झाकले गेलेत. पण तो आयुष्यभर आतच असतो. घुम्यांना दर काही रात्रींनी वर यावंच लागतं (का, ते पुढे), म्हणून डोळे टिकले. त्यांना उजेड बाधत नाही, फक्त दिपायला होतं. सूर्य पाहून दगड होणं वगैरे माझ्याकडे नाही.

तुमच्याकडे प्रत्येक उत्तर हवेवर येऊन का थांबतं?

कारण धूर कुठे जातो याचा शोध घेताना मला खाणीतली हवा कशी असते ते कळलं.

बंद बोगद्यात हवा एकसारखी नसते. कार्बन डायऑक्साइड साध्या हवेच्या दीडपट जड असतो, तो खड्ड्यात, तळाला साचून राहतो. मिथेन हलका, तो छताला जाऊन बसतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणजे खाली झोप लावणारी हवा, वर पेट घेणारी हवा, आणि मधे जगायची हवा. इटलीत नेपल्सजवळ 'कुत्र्याची गुहा' नावाची एक जागा आहे. तिथे जमिनीलगत साचलेल्या वायूने कुत्रा बेशुद्ध पडे आणि शेजारी उभ्या माणसाला काहीच होत नसे. पूर्वी पर्यटकांना हा क्रूर खेळ करून दाखवत.

ते वाचताना माझ्या डोक्यात साडेतीन फुटांचा गॉब्लिन आला. तो माणसाच्या कमरेइतका आहे. म्हणजे ज्या बोगद्यात माणूस आरामात चालतो तिथे घुम्या आधी पडणार. बुटकेपणामुळे अरुंद भेगांत शिरता येतं, आणि त्याच बुटकेपणामुळे मरण नाकाजवळ असतं. ही दोन वाक्यं एका कागदावर लिहिली आणि मग बाकीची संस्कृती जवळजवळ आपोआप येत गेली.

घुम्यांच्या बोलण्यात तीन वारे आहेत: तळवारा, छतवारा, मधला वारा. 'मधल्या वाऱ्यात ठेवो' हा आशीर्वाद. 'तळवाऱ्याचा माणूस' म्हणजे गोड बोलून झोपवणारा. रागीट माणसाला 'छतवारा' म्हणतात. त्याच्याजवळ दिवा न्यायचा नाही.

मग त्यांना कमी हवेत जगायची शक्ती का देऊन टाकली नाही?

मोह झाला होता. केसहीन मोल-उंदीर प्राणवायूशिवाय १८ मिनिटं तग धरू शकतो, म्हणजे निसर्गात दाखला आहे. पण तसं केलं असतं तर वरचा सगळा डोलारा क्षणात कोसळला असता. ज्याला गुदमरायची भीती नाही तो बिछाना टांगून कशाला ठेवील?

बिछाना टांगून? त्यांचं घर असतं तरी कसं?

घुम्याच्या घरात शिरताना पहिल्यांदा दिसते ती नडगीवर बांधलेली पणती. प्रत्येकाच्या डाव्या पायाला, गुडघ्याच्या खाली, चामड्याच्या पट्ट्यात. उजेडासाठी ती फारशी उपयोगाची नाही, पायाखालचे चार दगड दिसतात इतकंच. तिचं काम विझण्याचं. खाली जड हवा साचली असेल तर ज्योत आधी विझते, आणि ती विझते तेव्हा माणूस अजून शुद्धीवर असतो. त्या तेवढ्या वेळात मागे फिरायचं. घुम्या दारात थांबतो, डावा पाय आत टाकतो, उजवा बाहेरच ठेवतो, आणि ज्योतीकडे बघत मनात वीस मोजतो. मग उजवा पाय. स्वतःच्या घरात, रोज, आयुष्यभर. पाहुणा हे न करता धाडकन आत आला तर यजमान काही बोलत नाही, फक्त पोरांना उचलून घेतो.

छतवारा ओळखायची खूणही ज्योतच देते. मिथेन असेल तर ज्योतीच्या टोकावर फिकट निळी टोपी चढते. खरे खाणकामगार दिव्याने हेच बघत. घुम्यांमध्ये 'टोपी चढली' म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय. सासू-सुनेच्या भांडणालाही हाच शब्दप्रयोग चालतो.

बिछाने दोरांवर, छातीच्या उंचीला टांगलेले. बाळ कधी जमिनीवर ठेवत नाहीत. पोर पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर असतं, त्यामुळे त्यांचं बालपण म्हणजे मोठ्यांच्या कानांना धरून केलेला प्रवास. पहिल्यांदा खाली उतरवून पायाला पणती बांधतात तो मोठा दिवस. उलट, जमिनीवर बसणं हे शोकाचं. कुणी मेलं की घरातले लोक खाली बसतात, आणि तेव्हा एक जण न बसता सगळ्यांच्या पणत्यांवर लक्ष ठेवतो. हे काम शेजाऱ्याचं.

ते हिरवे असतात का?

नाही. उन्हाविना राहणाऱ्याची कातडी हिरवी कशाला होईल? ते राखी-फिकट आहेत. हिरवा रंग तांब्याचा. तांब्याच्या धातुकाची भुकटी केसांत, नखांत, कातडीच्या घड्यांत बसते, आणि माणसांनी घुमे पाहिले ते नेहमी पाळी संपवून खाणीच्या तोंडाशी आलेले. न धुतलेले. कोळशाच्या खाणीजवळ राहणारे लोक 'काळ्या गॉब्लिनां'ची वेगळी जात मानतात. आमच्या एका खेळाडूने दोन सत्रं घालवून या दोन 'जातीं'मधलं वैर शोधून काढलं होतं. त्याला खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

ते खातात काय? आणि चोर म्हणून बदनाम का आहेत?

मुख्यतः आळंबी. पण इथे एक मेख आहे, जी बहुतेक कल्पित जगांत विसरली जाते. आळंबी शून्यातून उगवत नाही. तिला कुजकं लाकूड, पालापाचोळा किंवा शेण लागतं, आणि डोंगराच्या पोटात यातलं काहीच तयार होत नाही. खऱ्या गुहांमध्येही अन्न बाहेरूनच येतं: पुराच्या पाण्यात वाहत, नाहीतर वटवाघळांच्या विष्ठेतून. म्हणून घुम्यांना रात्री वर यावं लागतं.

तर ते चोरतात ते शेण. आणि पडलेली झाडं, गळलेलं पान, गोठ्यातलं ओलं गवत. माणसांच्या दृष्टीने कचरा, पण अंगणातून रात्री काहीतरी नेलं जातंय म्हटल्यावर हरवलेल्या प्रत्येक वस्तूचा आळ त्यांच्यावर येतो. गावातली निम्मी चांदीची भांडी घरातल्याच कुणीतरी विकलेली असतात. घुम्यांना बदल्यात काही ठेवून जायची सवय आहे, म्हणून शेणाच्या ढिगाऱ्याच्या जागी सकाळी तांब्याचा एक ओबडधोबड गोळा सापडतो. तो पाहून माणसाला वाटतं, हे नक्कीच काहीतरी करणी-बिरणीचं आहे. तो गोळा उचलून नदीत फेकतो. पुढच्या रात्री पुन्हा गोळा.

स्वयंपाक आणि धातू वितळवणं दोन्ही फक्त डोंगराच्या तोंडाशी, वाऱ्याची दिशा बघून. आत आग नाही. धूर कुठे जातो या प्रश्नाचं उत्तर शेवटी इतकं साधं निघालं.

त्यांची भाषा कशी आहे?

दोन भाषा आहेत. तोंडाची आणि दगडाची.

तोंडाची भाषा हळू आणि तुटक, आणि काम चालू असताना ती बंदच. कारण ऐकायचं असतं. लाकडी टेकू मोडण्याआधी करकरतो, म्हणून तर खऱ्या खाणींतही कामगारांचा लाकडी टेकूंवर जीव असे. ती करकर बोलण्यात बुडाली तर संपलं. घुमे इतके अबोल का, याचं हे सगळ्यात खरं कारण.

दगडाची भाषा म्हणजे ठोके. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो; ग्रॅनाइटसारख्या कातळातून त्याच्या दहापटीहून जास्त वेगाने. एक ठोका: मी आहे. दोन: ये. तीन: येऊ नकोस. तीन सलग, मग थांबून पुन्हा तीन: मला सोडून जा, हवा गेली आहे. निरोप घ्यायला ठोका नाही. 'मी आहे' याला उत्तर 'मी आहे' असंच द्यायचं असतं आणि ते दिल्याशिवाय राहणं हा असभ्यपणाचा कळस.

त्यांना हसूही असंच येतं. बोटांची मागची बाजू भिंतीवर आपटत पुढे नेतात, खडखडखड. वीस घुमे एका विनोदावर हसले की वरच्या गावात भांडी हलतात.

पात्राचं नाव कसं ठेवू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. खरं नाव हा ठोक्यांचा ठेका असतो, दोन ते पाच ठोके, मधली थांबण्याची जागा प्रत्येकाची वेगळी. मूल स्वतः ठोकायला लागलं की त्याच्या हाताला जो ठेका आपसूक येतो तेच नाव. कुणी ठेवत नाही, सगळे ऐकून ठरवतात. त्याआधी बाळाला नाव नसतं, आणि नाव येण्याआधी गेलेल्या बाळासाठी वस्तीत एक दिवस कुणीही ठोकत नाही.

वरच्या लोकांशी व्यवहारासाठी एक 'वरचं नाव' घेतात. त्याला मराठीतले नादाचे शब्द फार कामाला येतात. खुट्ट, ठक, टुक, धप्प, खड यांना थोडं मळायचं: खुटूक, ठकण, टुकशी, धपाण. 'ग्रॅझनॅक'सारखी दात खाणारी नावं कृपया नकोत. ठेका आधी टेबलावर वाजवून बघा आणि मग त्याला अक्षरं द्या. तसं केलेलं नाव लक्षातही राहतं.

माणसांशी त्यांचं वैर का?

यावर मी थोडा लांबणार आहे.

खऱ्या इतिहासात कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत. लहान शरीर, वेगवान श्वास, त्यामुळे विषारी वायूचा परिणाम माणसाआधी त्याच्यावर होई. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा उपाय सुचवला आणि ब्रिटनमध्ये तो १९८६पर्यंत चालू होता.

माझ्या जगातल्या माणसांकडे कॅनरी नव्हते. घुमे होते. लहान शरीर, वेगवान श्वास, आणि उंची अशी की तळवारा आधी त्यांच्या नाकाला लागणार. खाणमालकांनी त्यांना मजुरीवर ठेवलं. मजुरी चांगली होती, शेणाच्या गाड्याच्या गाड्या. काम एवढंच की नवा बोगदा उघडला की आधी घुम्याने जायचं. मुकादम बोगद्याच्या तोंडाशी बाजूला सरकून, हात पुढे करून, अगदी नम्रपणे म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे."

घुम्यांच्या भाषेत आज यापेक्षा वाईट शिवी नाही.

आता गंमत बघा. माणसाच्या घरी घुम्या पाहुणा आला, यजमान दार उघडून अदबीने म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," तर घुम्याचा हात सुरीवर जातो. यजमानाला कळत नाही आपलं काय चुकलं. उलट, घुम्याचा शिष्टाचार असा की यजमानाने आधी शिरायचं, पाहुण्याला मागे ठेवायचं आणि आतून एक ठोका द्यायचा. माणसाला वाटतं, किती उद्धट, स्वतः आत गेला आणि दार तोंडावर लोटलं. आमच्या टेबलावर एक मोठा तह या दारात मोडला आहे. दोन्ही बाजू सज्जन होत्या, दोन्ही बाजूंनी शिष्टाचार पाळला, आणि फासे फेकायचीही गरज पडली नाही.

मजुरी घेतली होती ना, मग तक्रार कसली, असं काही वाचक विचारतात. घुम्यांमध्येही असं विचारणारे आहेत. ज्यांचे आजे-पणजे 'पुढे' जाऊन परत आले त्यांची घरं आज श्रीमंत आहेत, आणि इतरांच्या तोंडून त्यांना ते ऐकावं लागतं. या आतल्या भांडणाकडे खेळात फार कुणी जात नाही. जावं.

सर्वांत मोठा गुन्हा कोणता?

वाऱ्याचं भोक बुजवणं. वस्तीची हवा वरून खाली आणणाऱ्या उभ्या बोळांना ते नाकपुड्या म्हणतात. त्या खोदणाऱ्याचं ऋण त्याच्या वंशाला पिढ्यान्पिढ्या मिळत राहतं, आणि त्या बुजवणाऱ्याला क्षमा नाही, चुकून बुजली तरी.

देहदंड नाही. शिक्षा अशी की त्याच्या ठोक्याला कुणी उत्तर देत नाही. त्याला जेवण मिळतं, बिछाना मिळतो, कुणी मारत नाही. तो भिंतीवर ठोकतो: मी आहे. भिंत गप्प. बहुतेक जण काही महिन्यांत वर निघून जातात. माणसांच्या गावात एकटेच राहणारे, विक्षिप्त, रात्री भिंती ठोकणारे जे घुमे दिसतात, ते बहुधा हे.

मेलेल्याचं काय करतात?

वर आणतात. आत पुरणं शक्य नाही. प्रेत कुजताना हवा खातं आणि जड हवा सोडतं. म्हणून रात्री, पायाला पणत्या बांधलेल्या रांगेतून प्रेत उघड्यावर नेऊन ठेवतात, शक्य तितक्या उंचावर. दुरून माणसांना दिसतात जमिनीपासून वीतभर वर तरंगत जाणारे दिवे. त्यावर वरच्या गावात काय काय कथा निघाल्या असतील, ते तुम्हीच रचा.

त्यांच्याकडे जादू आहे का?

आहे, पण जाळणारी नाही. अग्निगोळा फेकणारा घुम्या दाखवलात तर तो छतवाऱ्यासकट सगळ्यांना घेऊन जाईल.

सोन्याचे लोभी गॉब्लिन का नाहीत?

मोठं नाक, वाकडी बोटं, नाणी मोजणारा, सावकारी करणारा बुटका हे चित्र युरोपात ज्यू लोकांच्या द्वेषातून काढलेल्या व्यंगचित्रांशी फार जुळतं. ते चित्र वापरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेष असतो असं मी म्हणत नाही, पण मला ते वापरायचं नव्हतं. तसंही, घुम्यांना सोनं कशाला? मऊ असतं, त्याची पहार होत नाही. लोभ आहेच, तो हवेच्या जागेचा. नाकपुडीखालचा बिछाना मिळावा म्हणून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात.

घुम्यांमधल्या बायकांबद्दल काहीच का नाही?

वेगळं लिहिण्यासारखं फारसं नाही, म्हणून. खोदतात, ठोकतात, वर जातात. बारीक भेगेत कोण शिरणार हे खांद्याच्या रुंदीवर ठरतं.

मी माझ्या खेळात किंवा कथेत घुमे वापरू शकतो का?

जरूर वापरा, बदला, मोडतोड करा. फक्त हवा काढून टाकू नका. पणती, टांगलेला बिछाना, ठोके हे नुसतं सजावट म्हणून घेतलंत तर चार पानांत ते विचित्र वाटायला लागतं.

घुम्या भेटला तर पात्राने पहिलं वाक्य काय बोलावं?

काहीच नाही. एकदा ठोकायचं आणि वाट बघायची.

धुराचा प्रश्न विचारणारी खेळाडू पुष्कळ दिवसांनी तिच्या पात्राला घेऊन त्याच पहिल्या गुहेपाशी परत आली. ते सहा जण तिथे अजून असतील का, हे मी ठरवलंच नव्हतं. तिने तलवार काढली नाही. गुहेच्या तोंडाशी शेणाचं पोतं उतरवलं, सगळ्यांना गप्प केलं, आणि हातातल्या फाशाने टेबलावर एकदा ठोकलं. मग माझ्याकडे न बघता, मान खाली घालून बसली. टेबलावर कुणी हललं नाही. मी पटावरची कागदं चाळली, एक सोंगटी उगाच सरळ केली, आणि मग टेबलाच्या खालच्या बाजूने, बोटाच्या पेराने, एकदा ठोकलं.